टॉवर उभा राहतो, वस्तीच्या संस्थेला काय मिळतं?

२०२५ मध्ये ब्रिटन सरकारने 'प्राइड इन प्लेस' नावाची योजना जाहीर केली. मागे पडलेल्या निवडक वस्त्यांना १० वर्षांत प्रत्येकी २ कोटी पौंडांपर्यंत निधी द्यायचा आणि तो कशावर खर्च करायचा हे ठरवताना तिथल्या रहिवाशांना बरोबर घ्यायचं, असा तिचा गाभा आहे. आकडा डोळ्यांत भरतो. पण वस्तीत १० हजार माणसं आहेत असं धरलं, तर माणशी वर्षाला २०० पौंड पडतात. याच देशात १९९८ मध्ये 'न्यू डील फॉर कम्युनिटीज' ही योजना सुरू झाली होती. तेव्हा ३९ वस्त्यांना साधारण १० वर्षांत प्रत्येकी सुमारे ५ कोटी पौंड मिळाले होते, आणि त्या वेळच्या पौंडात आजच्यापेक्षा बरंच जास्त काही विकत घेता येत होतं.

अशा बातम्या वाचताना अनेकांना एक कोडं पडतं. पुनर्विकास होणाऱ्या भागात एवढा पैसा येतो, चौक चकाचक होतात, नवे टॉवर उभे राहतात, आणि नेमक्या त्याच काळात तिथला वृद्धांचा विरंगुळा गट बंद पडतो, मुलांचा अभ्यासवर्ग जागेअभावी गुंडाळावा लागतो. हे कसं? पैसा मधल्या मध्ये कुणी खाल्ला, असा संशय लगेच येतो. बहुतेक वेळा तसं झालेलं नसतं. पैसा ज्या रूपात येतो, त्या रूपातच अडचण असते. ती समजून घ्यायला आपण मुख्यतः इंग्लंडचे नियम पाहू, कारण तिथे ते बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलेले आहेत. मध्ये बर्लिन आणि बॉस्टनमध्येही डोकावू.

अनुदान म्हणजे नेमकं काय

कर्ज परत करावं लागतं. कंत्राटात देणारा काहीतरी विकत घेतो. अनुदान या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. आईने मुलाच्या हातात वह्यांसाठी पैसे ठेवले, तर ती ते परत मागणार नाही. पण त्यातून चेंडू आणला तर जाब विचारेल. अनुदानाचं असंच असतं. परतफेड नाही, मात्र ठरलेल्या कामासाठीच खर्च आणि शेवटी हिशेब.

या 'ठरलेल्या कामासाठीच' मध्ये बरंच काही दडलेलं आहे. अशा रकमेला हेतूबद्ध निधी म्हणू. इंग्लंडच्या धर्मादाय कायद्यात हेतूबद्ध निधी दुसरीकडे वळवणं म्हणजे विश्वस्तांकडून विश्वासाचा भंग. म्हणजे अभ्यासवर्गाच्या खात्यात ८ हजार पौंड शिल्लक असले आणि वीजबिल थकलं असलं, तरी देणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. दात आहेत तर चणे नाहीत, अशी ही अवस्था प्रत्येक लहान संस्थेच्या खजिनदाराला ठाऊक असते. ज्या रकमेवर असं बंधन नसतं तिला मुक्त निधी म्हणू. एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुढचं सगळं उलगडतं.

हा पैसा येतो कुठून?

सरकारी योजना, लॉटरीतून सत्कार्यासाठी बाजूला काढलेला वाटा आणि खासगी न्यास हे ओळखीचे झरे. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून लहान संस्थांना ३०० ते २० हजार पौंडांपर्यंतचं अनुदान मिळू शकतं आणि लहान गटांसाठी तो दरवाजा मोलाचा आहे. पण पुनर्विकासाच्या भागात आणखी एक झरा वाहतो, आणि लोकांना सर्वात कमी कळतो तो हाच. नव्या बांधकामातून येणारा पैसा.

तो दोन वाटांनी येतो. पहिली वाट १९९० च्या नगररचना कायद्यातल्या कलम १०६ ची. टॉवरला परवानगी देताना स्थानिक काउन्सिल, म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेसारखी संस्था, बिल्डरशी करार करते: इतकी परवडणारी घरं द्या, शाळेसाठी इतकी रक्कम भरा, तळमजल्यावर समाजासाठी हॉल बांधा. हा करार वाटाघाटीतून ठरतो. मात्र काउन्सिलला वाटेल ते मागता येत नाही. मागणी त्या बांधकामामुळे आवश्यक ठरलेली हवी, त्याच्याशी थेट संबंधित हवी आणि त्याच्या व्याप्तीच्या मानाने रास्त हवी.

दुसरी वाट म्हणजे समुदाय पायाभूत सुविधा आकार, म्हणजे नव्या बांधकामावर लावलेलं शुल्क. २००८ च्या कायद्याने याची तरतूद केली आणि २०१० पासून तो लागू झाला. इथे घासाघीस नाही. वाढीव बांधकामाच्या प्रत्येक चौरस मीटरला ठरलेला दर. हा आकार बसवायचा की नाही हे प्रत्येक काउन्सिल ठरवते आणि सगळ्या काउन्सिल तो बसवत नाहीत. परवडणारी घरं आणि धर्मादाय संस्थांची बांधकामं यांना त्यातून सवलत आहे.

या आकाराचा एक भाग, १५ टक्के, बांधकाम जिथे झालं त्या परिसरासाठी राखून ठेवावा लागतो. त्याला वस्तीतल्या घरांच्या संख्येनुसार वार्षिक कमाल मर्यादा आहे. पण रहिवाशांनी स्वतःचा परिसर आराखडा, म्हणजे आपल्या भागात कुठे काय बांधलं जावं याचा आराखडा, तयार करून तो सार्वमतात मंजूर करून घेतलेला असेल, तर वाटा २५ टक्के होतो आणि कमाल मर्यादाही उठते. समजा दर चौरस मीटरला २०० पौंड आहे आणि १० हजार चौरस मीटर वाढीव बांधकाम झालं. आकार झाला २० लाख. आराखडा नसेल तर वस्तीच्या वाट्याला जास्तीत जास्त ३ लाख, असेल तर ५ लाख. आराखडा करायला संध्याकाळच्या बैठका, नकाशे, सर्वेक्षणं आणि बरीच चिकाटी लागते. कैक वर्षं जातात. ज्या वस्तीत लोक दोन-दोन नोकऱ्या करतात तिथे हे काम कुणी करायचं, हा प्रश्न मला छळतो. वेळ असलेल्या वस्तीला २५ टक्के आणि वेळ नसलेल्या वस्तीला १५, असा हा नियम प्रत्यक्षात चालतो.

आणखी एक मेख आहे. लहान गावांत ही रक्कम थेट गावपातळीच्या परिषदेकडे जाते. लंडनसारख्या शहरात बहुतेक ठिकाणी अशी परिषदच नाही. त्यामुळे पैसा काउन्सिलकडेच राहतो आणि तिने रहिवाशांशी सल्लामसलत करून तो खर्च करावा, अशी अपेक्षा असते. काही काउन्सिल यातूनच स्थानिक संस्थांना अनुदानं देतात. कायद्याची भाषा त्याला जागा देते: पायाभूत सुविधांवर खर्च करा, किंवा बांधकामामुळे परिसरावर जो ताण येतो तो हलका करणाऱ्या कोणत्याही गोष्टीवर करा. या शेवटच्या शब्दांत बाकांपासून युवक केंद्रापर्यंत पुष्कळ काही बसतं. ते बसवायचं की सगळं फरसबंदीवर घालायचं, हे काउन्सिलच्या मर्जीवर असतं.

अर्ज भरण्याआधीच निम्मे गळतात

अनुदान मागायचं तर गटाला स्वतःची लिखित घटना लागते, संस्थेच्या नावाचं बँक खाते लागतं आणि त्यावर एकमेकांच्या नात्यात नसलेल्या किमान दोन माणसांच्या सह्या लागतात. मुलांसोबत काम असेल तर बालसुरक्षेचं धोरण हवं, स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासलेली हवी, विमा हवा, मागच्या वर्षाचा ताळेबंद हवा. यातली प्रत्येक अट योग्यच आहे. तरीही १५ वर्षं आपल्या बैठकीच्या खोलीत शेजारणींना इंग्रजी शिकवणारी बाई या यादीपुढे थांबते, आणि अर्ज लिहिण्यात तरबेज असलेली बाहेरची मोठी संस्था त्याच वस्तीच्या नावाने निधी घेऊन जाते.

यावर 'बिग लोकल' या इंग्लंडमधल्या उपक्रमाने चांगला मार्ग काढला. लॉटरीच्या पैशातून १५० वस्त्यांना प्रत्येकी किमान १० लाख पौंड दिले गेले. निर्णय रहिवाशांचं बहुमत असलेली समिती घेणार; तिची नोंदणी असायलाच हवी असं नव्हतं. पैसा सांभाळायचं, हिशेब लिहायचं, पगार काढायचं काम समितीने निवडलेली एखादी विश्वासातली नोंदणीकृत संस्था करणार. किल्ली एकाकडे आणि तिजोरी दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी आहे. ज्याला माणसं कळतात त्याला ताळेबंद कळलाच पाहिजे असा हट्ट तिथे धरला नाही.

अनुदान वाढलं की खड्डा का वाढतो?

हा या विषयातला सर्वात अवघड आणि सर्वात महत्त्वाचा भाग, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

समजा एका संस्थेला अभ्यासवर्गासाठी वर्षाला १० हजार पौंड मिळाले. ७ हजार शिक्षकांचं मानधन, दीड हजार वह्या-पुस्तकं, दीड हजार वर्गाच्या तासांपुरतं जागेचं भाडं. कागदावर हिशेब चोख. पण नावं नोंदवणं, पालकांचे फोन घेणं, विम्याचा हप्ता, खोली तापवणं, लेखनिकाचे पैसे, निधी देणाऱ्याला दर तिमाहीला अहवाल पाठवणं, ही कामं कुणीतरी करतंच. हा आस्थापना खर्च. या वर्गापुरता तो ३ हजार आहे असं धरू. अनुदानात तो बसवलेला नाही. म्हणजे १० हजार मिळाले आणि त्याबरोबर ३ हजारांचा खड्डाही मिळाला.

आता संस्था चांगलं काम करते म्हणून तिला आणखी चार अनुदानं मिळाली, तशीच. खड्डा १५ हजारांचा झाला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं संस्था भरभराटीला आली. आत खजिनदाराची झोप उडालेली असते. तो खड्डा भरायला लागतो मुक्त निधी, आणि तोच मिळायला सर्वात कठीण. मग व्यवस्थापक पगाराशिवाय जास्तीचे तास काम करते, विजेचं बिल पुढे ढकललं जातं, राखीव शिल्लक संपते. एक दिवस पाच चालू अनुदानं असलेली संस्था बंद पडते आणि सगळे चकित होतात.

यावरचा उपाय नवा नाही. खर्च मागताना आस्थापनेचा रास्त हिस्सा प्रत्येक कामात मोजायचा आणि देणाऱ्याने तो मान्य करायचा. इथे एक आक्षेप हमखास येतो: आमचा पैसा मुलांवर खर्च व्हावा, कार्यालयावर का? भावना प्रामाणिक आहे. पण रुग्णालयाला कुणी असं म्हणत नाही की डॉक्टरांचे पैसे देतो, झाडलोट आणि दिवाबत्ती तुमची तुम्ही बघा. मुलांच्या वर्गाला दार असेल, ते उघडायला माणूस असेल आणि आत उजेड असेल, तरच तो वर्ग मुलांचा.

मुदतीचंही तसंच. एका वर्षाचं अनुदान म्हणजे पहिले तीन महिने माणूस नेमण्यात जातात आणि शेवटच्या तीन महिन्यांत तोच माणूस पुढची नोकरी शोधत असतो. मधल्या सहा महिन्यांत जो विश्वास कमावला, तो त्याच्याबरोबर निघून जातो. युवकांसोबतच्या कामात याची किंमत फार मोठी असते. एखाद्या मुलाशी मोकळं बोलणं व्हायला वर्ष लागतं.

ज्या बदलासाठी निधी, तोच बदल भाडं वाढवतो

आता पुनर्विकासाचा खास पेच. साध्या वस्तीत संस्थेची अडचण असते पैसा कमी असण्याची. बदलत्या वस्तीत पैसा येतो आणि त्याच वेळी पायाखालची जमीनही सरकते. नवं रेल्वे स्थानक आलं, चौक सुधारला, की दुकानगाळ्याचं भाडं वाढतं. संस्थेचं अनुदान मात्र तीन वर्षांपूर्वीच्या भाड्यावर ठरलेलं असतं. भाडेकरारात बऱ्याचदा असं कलम असतं की पुनर्विकास करायचा झाल्यास मालक मुदतीआधी जागा रिकामी करून घेऊ शकतो. ते कलम वर्षानुवर्षं निजलेलं असतं आणि मग एका पत्राने जागं होतं.

संस्था ज्यांच्यासाठी काम करते ती माणसंही हलतात. जुनी इमारत पाडली की कुटुंबं तीन दिशांना जातात. अनुदानाच्या अटीत मात्र लिहिलेलं असतं: लाभार्थी याच प्रभागातले हवेत. बसचे दोन टप्पे करून जुन्या मैत्रिणींना भेटायला येणारी आजी त्या यादीत बसत नाही.

मग सुचवला जातो तात्पुरत्या वापराचा तोडगा. पाडकामाची वाट पाहणारी इमारत दोन-तीन वर्षं नाममात्र भाड्याने संस्थांना द्यायची. यातून चांगली कामं उभी राहिलेली आहेत. तरी हे उसनं छप्पर आहे, आणि त्यावर रंगरंगोटी आणि दुरुस्तीसाठी खर्च केलेलं अनुदान पाडकामाबरोबर ढिगाऱ्यात जातं, हे आधीच लक्षात घेतलेलं बरं.

'पण नव्या टॉवरमध्ये समाजाचा हॉल मिळतोच ना?' हो, अनेक ठिकाणी मिळतो. तो कोणत्या अवस्थेत मिळतो ते विचारावं. कधी हाती येतो फक्त सांगाडा: भिंती आहेत, फरशी नाही, स्वयंपाकाचा ओटा नाही, उष्णतेची सोय नाही. ते सगळं बसवायला पुन्हा अनुदान. त्यावर इमारतीच्या देखभालीचा हप्ता, जो टॉवरच्या स्वागतकक्षाच्या हिशेबाने ठरलेला. मोफत मिळालेली जागा परवडत नाही म्हणून रिकामी पडते.

पैसे वाटणार कोण?

काउन्सिलमधल्या अधिकाऱ्याने वाटले तर हिशेब नीट राहतो, पण वस्तीची नस सापडेलच असं नाही. रहिवाशांनी वाटले तर नस सापडते, पण ओळखीपाळखीचा धोका येतो. बर्लिनने २००१ च्या सुमारास याचं लक्षात राहावं असं उत्तर दिलं. शहराच्या १७ अडचणीतल्या वस्त्यांना प्रत्येकी १० लाख मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) दिले आणि वाटपासाठी रहिवाशांची निवड समिती नेमली. तिच्यात निम्म्याहून थोडे जास्त सदस्य नोंदवहीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले, बाकीचे वस्तीत आधीपासून काम करणारे. चिठ्ठीमुळे अशी माणसं आत आली जी आपण होऊन कधी सभेला आली नसती. नेहमीचेच पाच जण सगळं ठरवतात, ही जगभरची तक्रार असते. ती दूर करण्याचा इतका साधा मार्ग क्वचितच कुणी वापरतं.

हितसंबंधांचा प्रश्न राहतोच. लहान वस्तीत परीक्षकाची बहीण अर्जदार संस्थेत असणारच. नातं उघड सांगायचं, त्या अर्जाच्या वेळी खोलीबाहेर जायचं आणि तसं इतिवृत्तात लिहायचं, एवढं नेमाने पाळलं तर बरंच साधतं.

'हे तोंड बंद ठेवायचे पैसे नाहीत का?'

हा आक्षेप सर्वात बोचरा आहे आणि तो झटकून टाकू नये. बिल्डर आपल्या नावाने समाजनिधी काढतो, वस्तीतल्या संस्थांना दोन-पाच हजार देतो, आणि पाडकामाविरुद्ध बोलायची वेळ येते तेव्हा त्या संस्था गप्प असतात. कुणी सांगितलेलं नसतं. संस्थाचालकाच्या मनात येतं की यंदा बोललो तर पुढच्या वर्षीचं काय? हे मिंधेपण खरं आहे.

म्हणून निधी कुणाकडून आला यापेक्षा तो कोणाच्या हातून आला हे बघावं. कायद्याने ठरलेला आकार हा वस्तीचा हक्क आहे, ते कुणाचे उपकार नव्हेत. बिल्डरने स्वखुशीने दिलेली रक्कम असेल, तर ती स्वतंत्र न्यासाकडे सोपवलेली हवी, विश्वस्त मंडळात रहिवासी हवेत आणि वाटपाचे निकष छापलेले हवेत. करारात 'प्रकल्पाविषयी प्रतिकूल बोलणार नाही' अशा अर्थाचं कलम असेल तर मी तरी त्या संस्थेला सही करू नका असंच सांगेन, रक्कम कितीही असो.

'मग किती दिवस हात पसरायचे?'

स्वावलंबी व्हा, हा सल्ला संस्थांना वारंवार मिळतो. ज्यांची सेवा करायची ती माणसंच पैसे देऊ शकत नाहीत, तिथे या सल्ल्याचा अर्थ नकळत असा होतो की श्रीमंतांसाठी काम करा. तरीही त्यात एक तथ्य आहे, आणि ते जागेच्या मालकीत आहे.

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर कॉइन स्ट्रीट नावाचा भाग आहे. तिथे मोठे कार्यालयीन मनोरे बांधायची योजना होती. रहिवासी वर्षानुवर्षं लढले आणि १९८४ मध्ये सुमारे १३ एकर जमीन ग्रेटर लंडन काउन्सिलकडून १० लाख पौंडांना त्यांच्या संस्थेच्या ताब्यात आली. त्यावर सहकारी घरं झाली, उद्यान झालं, ऑक्सो टॉवरची जुनी इमारत दुरुस्त होऊन १९९६ मध्ये उघडली. तिथल्या दुकानांचं आणि उपाहारगृहांचं भाडं संस्थेला मिळतं. परिसर महागला तेव्हा इतर संस्थांचं भाडं वाढलं. या संस्थेचं उत्पन्न वाढलं. वारा तोच, शिडाची दिशा वेगळी.

बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागात १९८४ मध्ये सुरू झालेल्या रहिवासी संघटनेची गोष्ट याच जातीची. एका न्यासाने मदतीचा हात पुढे केला, पण आखलेल्या समितीत रहिवाशांच्या जागा मोजक्याच होत्या. लोकांनी भर सभेत हरकत घेतली आणि समितीची रचना बदलायला लावली. १९८८ मध्ये ओसाड भूखंड सक्तीने संपादित करण्याचा अधिकारही त्यांना शहराने दिला. जमीन सामूहिक न्यासाच्या नावावर राहिली, त्यामुळे तिच्यावरची घरं बाजारभावाबरोबर हातची गेली नाहीत.

हे सगळ्यांना जमणार नाही. मालकी म्हणजे गळणारं छप्परही आपलंच, आणि दुरुस्तीच्या निधीशिवाय दिलेली जुनी इमारत ही भेट नसून ओझं असते. पण पूर्ण मालकीच्या अलीकडेही वाट आहे: काउन्सिलच्या मालकीची जागा दीर्घ मुदतीच्या भाडेकरारावर. इंग्लंडमध्ये २००३ च्या एका सर्वसाधारण परवानगीनुसार काउन्सिलला समाजहितासाठी आपली मालमत्ता बाजारभावापेक्षा कमी किमतीत देता येते, तूट २० लाख पौंडांपर्यंत असेल तर सरकारची वेगळी मंजुरी न घेता. 'नियमात बसत नाही' असं उत्तर मिळालं, तर या परवानगीचा उल्लेख जरूर करावा.

कधी विचारायचं?

सुविधा आकार भरायची जबाबदारी बांधकाम सुरू झाल्यावर येते आणि वस्तीपर्यंत निधी पोहोचतो तो त्याहून उशिरा. कलम १०६ चा करार मात्र परवानगी देतानाच होतो. एकदा सह्या झाल्या की तळमजल्यावरच्या हॉलविषयी नंतर काही मागणं म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून विकासाचा अर्ज दाखल झाल्याची सूचना लागते आणि हरकती मागवल्या जातात, त्याच आठवड्यांत संस्थेने लेखी विचारायला हवं: हॉल फरशी, ओटा आणि उष्णतेच्या सोयीसकट मिळणार का? भाडं किती आणि किती वर्षं तेच राहणार? देखभालीच्या हप्त्याला कमाल मर्यादा असणार का? पाडकाम ते नवा हॉल या मधल्या काळात आम्ही कुठे बसायचं आणि त्या स्थलांतराचा खर्च कोण देणार? आणि दाराची किल्ली कुणाकडे राहणार?